बोसन : लिहिताना एक, हाक मारताना एक

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांत काही इंग्रजी शब्द शाळेच्या आधी येऊन पोहोचले, आणि ते पुस्तकांतून नव्हे तर जहाजांवरून आले. दाभोळ, जयगड, राजिवडा, मिरकरवाडा या भागांतील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ‘बोटीवर’ असे. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर काम करणारी माणसे मोठ्या प्रमाणात कोकणातली आणि कच्छ-काठेवाडकडची असत, तर जेवणघराचे काम पाहणारे बहुधा गोव्याचे असत. ही माणसे रजेवर घरी येत तेव्हा ट्रंकेतून सामान आणत आणि तोंडातून शब्द आणत. शब्दांच्या त्या ठेव्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द ‘बोसन’ हा आहे. जहाजाच्या डेकवरील खलाशांचा मुकादम असा त्याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालाही सांगावा लागत नाही.

हाच शब्द इंग्रजी पुस्तकात छापलेला पाहिला, तर मात्र ओळख पटणे कठीण होते. त्याचे पारंपरिक स्पेलिंग बी-ओ-ए-टी-एस-डब्ल्यू-ए-आय-एन असे आहे. नऊ अक्षरांचा हा शब्द डोळ्यांनी वाचणारा कोणीही विद्यार्थी ‘बोटस्वेन’ असाच उच्चारील आणि स्पेलिंगच्या नियमांनी पाहता त्यात त्याचे काहीही चुकणार नाही. तरीही समुद्रावर हा उच्चार कोणी करीत नाही. ‘ट’ नाही, ‘व’ नाही, शेवटच्या भागातील लांब ‘ए’ देखील नाही. उरतो तो केवळ ‘बोसन’, आणि त्यातही सगळा जोर ‘बो’वर देऊन ‘सन’ हलकेच सोडून द्यावयाचा असतो.

शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. अशा शब्दांना ‘मूक अक्षरांचे शब्द’ म्हणून फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी ते घोकायचे, ही आपल्याकडील रीत मला कधीच पटली नाही. अक्षर मूक आहे एवढे सांगितल्याने मुलाला काहीच कळत नाही. ते पूर्वी बोलत होते का, बोलत असल्यास गप्प केव्हा आणि कोणामुळे झाले, हे सांगितले तर तोच शब्द आयुष्यभर लक्षात राहतो. म्हणून या एका शब्दाची हकीकत मला सविस्तर सांगावीशी वाटते.

शब्दाचे दोन तुकडे सरळ दिसतात. पहिला ‘बोट’, जुन्या इंग्रजीतील ‘बात’. हाच पुढे आपल्याकडे येऊन इतका मराठी झाला की मोठ्या जहाजालाही आपण बोटच म्हणतो. दुसरा तुकडा ‘स्वेन’. हा मूळचा इंग्लंडचा नव्हे. आठव्या शतकाच्या अखेरीपासून डेन्मार्क-नॉर्वेकडील दर्यावर्दी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरू लागले, लुटालूट करू लागले आणि पुढे तेथेच वस्तीही करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेत ‘स्वेन’ म्हणजे पोरगा, हाताखालचा मुलगा, सेवक. स्कँडिनेव्हियात आजही मुलांना ठेवले जाणारे स्वेन हे नाव याच शब्दाचे आहे आणि 1013 मध्ये इंग्लंडचे राज्य जिंकून घेणारा डॅनिश राजाही स्वेनच होता. जुन्या इंग्रजीच्या अखेरच्या काळात या दोन तुकड्यांचा मिळून एक शब्द झाला. बोटीवरचा पोरगा, नावेवरचा गडी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. समुद्राची कामे बाहेरून आलेल्या ज्या लोकांना अधिक चांगली येत होती, त्यांच्याच भाषेतून त्या कामाच्या माणसाचे नाव घेतले गेले, यात मला नवल वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावरही तसेच झाले आहे, ते पुढे सांगतोच.

आता ‘ट’ आणि ‘व’ कसे गेले ते पाहू. इंग्रजीसारख्या जर्मानिक कुळातील भाषांचा एक जुना स्वभाव असा, की शब्दाच्या पहिल्या अवयवावर आघात पडतो. जोडशब्दात हा आघात पहिल्या शब्दाच्या वाट्याला जातो आणि दुसरा शब्द दुबळा होतो. त्याचा स्वर आखडत जाऊन शेवटी आपल्या ‘अ’सारखा ओझरता होतो. ‘व’ हा ध्वनी तर अशा दुबळ्या जागी, व्यंजनाच्या पाठीमागे आला की सहज गळून पडतो. ग्रिनिच या गावाच्या नावात लिहिताना ‘डब्ल्यू’ आहे, बोलताना नाही. नॉरिच, वॉरिक, सदर्क या नावांचेही तसेच. उत्तर या अर्थाच्या ‘आन्सर’ या रोजच्या शब्दातही ‘डब्ल्यू’ लिहिला जातो आणि बोलला जात नाही. आपल्या शब्दात तर दोन स्वरांच्या मध्ये ट, स आणि व अशी तीन व्यंजने एकापाठोपाठ आली होती. एवढी गर्दी जिभेला सोसत नाही. ‘व’ गेला, मग ‘स’पुढे अडखळणारा ‘ट’ गेला, ‘वेन’चा ‘अन’ झाला, आणि शिल्लक राहिला तो ‘बोसन’.

हे सगळे ज्या ठिकाणी घडले ते ठिकाण विसरता कामा नये. शिडाच्या जहाजावर वारा घोंघावत असताना, दोर कडाडत असताना, कप्तानाने हाक मारायची ती या माणसाला. दिवसातून असंख्य वेळा, संकटात तर श्वासागणिक एकदा. विद्वानांनी वर्षातून एकदा उच्चारलेला शब्द आपली सगळी अक्षरे सांभाळून राहू शकतो. हाकेच्या शब्दाला तेवढी सवड नसते. म्हणून ‘बोसन’ला अपभ्रंश किंवा अशुद्ध रूप म्हणणे मला मान्य नाही. ज्यांचा तो शब्द होता, त्यांनीच तो कामापुरता घडवून घेतला.

याचा पुरावा त्याच शब्दाच्या दुसऱ्या आयुष्यात सापडतो. ‘स्वेन’ हा शब्द सुटा असताना इंग्रजी कवितेत गेला. तेथे त्याला खेड्यातला तरुण, गुराखी, प्रेमात पडलेला भोळा जीव असा अर्थ आला, आणि निवांत वातावरणात राहिल्यामुळे त्याचा उच्चार अखंड ‘स्वेन’ असाच टिकला. एकच शब्द कुरणात राहिला तो शाबूत राहिला, आणि डेकवर गेला तो झिजला.

मराठी माणसाला ही झीज परकी वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेने ती शतकानुशतके केलेली आहे. ‘देवकुल’ या शब्दाचे ‘देऊळ’ झाले आणि ‘राजकुल’चे ‘राऊळ’ झाले. तळकोकणात तर राऊळ हे आडनावही आहे. या दोन्ही शब्दांतील ‘ऊळ’ म्हणजे झिजलेला ‘कुल’ होय. हाच ‘कुल’ कुलदैवतात आणि कुलाचारात मात्र आजही जसाच्या तसा उभा आहे. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार होताना ‘कार’मधील ‘क’ गेला आणि नुसता ‘आर’ उरला. या नावांतील माणसेही हाताने काम करणारी आहेत आणि रोज कोणी ना कोणी त्यांना हाक मारणारे असते, हे ध्यानात घ्यावे. फरक आहे तो एवढाच, की आपण उच्चाराबरोबर लेखनही बदलत आलो, त्यामुळे देऊळ लिहिताना देवकुल डोळ्यांपुढे येत नाही. इंग्रजांनी छपाई सुरू झाल्यानंतरच्या काळात बऱ्याच शब्दांचे जुने लेखन तसेच गोठवून ठेवले. परिणामी त्यांचा विद्यार्थी आणि आपलाही विद्यार्थी उच्चाराला अडखळतो, पण शब्दाच्या पोटातले आईबाप मात्र त्याला दिसत राहतात. यातली कोणती रीत अधिक चांगली, याचा निवाडा मला करवत नाही. शिकणाऱ्यासाठी आपली सोपी आहे, आणि व्युत्पत्ती शोधणाऱ्यासाठी त्यांची सोयीची आहे.

बोसनचे काम काय, ते नीट सांगितल्याशिवाय या शब्दाचे वजन कळणार नाही. शिडाच्या जहाजावर डोलकाठ्या, शिडे, दोरखंड, नांगर, नांगराच्या साखळ्या आणि जहाजावरच्या लहान होड्या हे सगळे त्याच्या ताब्यात असे. वरून आलेला हुकूम प्रत्यक्ष माणसांकडून पार पाडून घेणारा तो. वाऱ्यात आवाज पोहोचत नाही म्हणून त्याच्याकडे एक विशिष्ट शिटी असे. एक निमुळती बारीक नळी आणि तिच्या टोकाशी पोकळ गोळा, अशी तिची घडण असते. तळहातात धरून बोटे उघडमीट करीत फुंकली की तिच्यातून चढे-उतरे सूर निघतात. निरनिराळ्या हुकमांना निरनिराळे सूर ठरलेले असत. या शिटीच्या भागांची नावेही जहाजाच्याच भाषेत आहेत : नळीला ‘तोफ’ म्हणतात, गोळ्याला ‘बोया’ आणि खालच्या पट्टीला ‘कील’ म्हणजे जहाजाचा कणा. नौदलांत मान्यवर पाहुणा जहाजावर चढताना ही शिटी वाजवून मान देण्याची प्रथा आहे आणि आपल्या भारतीय नौदलातही ती पाळली जाते. आज शिडे गेली, वाफही गेली. तरी व्यापारी जहाजांवर चीफ ऑफिसरच्या हाताखाली डेकवरील खलाशांचा प्रमुख म्हणून बोसन आहेच. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे दोर, रंग, हत्यारे ठेवण्याच्या कोठाराला बोसन स्टोअर म्हणतात, आणि उंचावर टांगून रंगकाम करण्यासाठी दोराला बांधलेल्या फळीला बोसनची खुर्ची म्हणतात.

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकाचा, 1623 मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात जे सर्वांत पुढे घातले आहे त्या नाटकाचा, पहिलाच उच्चारला जाणारा शब्द म्हणजे हीच हाक आहे. वादळात सापडलेल्या जहाजाचा मालीम, म्हणजे जहाज चालवणारा अधिकारी, बोसनला हाक मारतो आणि नाटक सुरू होते. थोड्याच वेळात राजा आणि त्याचे सरदार डेकवर येऊन कामात अडथळा करू लागतात, तेव्हा हा बोसन त्यांना खाली जायला सांगतो आणि विचारतो, की गर्जणाऱ्या या लाटांना राजाच्या नावाची काय पर्वा? वादळात जहाजावर सत्ता कोणाची चालते, हे शेक्सपिअरने या एका माणसाच्या तोंडून सांगितले आहे. हा प्रवेश वर्गात वाचताना ती हाक ‘बोटस्वेन’ अशी म्हटली, की वादळ तेथेच थांबते.

आमच्या शेजारी एक निवृत्त बोसन राहतात. आम्ही सर्वजण त्यांना चाचा म्हणतो. त्यांचा नातू एकदा पडवीत बसून इंग्रजी उतारा मोठ्याने वाचत होता आणि त्यात हा शब्द आला. त्याने तो डोळ्यांना दिसला तसा वाचला. चाचांनी माझ्याकडे वळून विचारले, “गुरुजी, हा बोटस्वेन म्हणजे कोण माणूस?” मी म्हणालो, “चाचा, ते तुम्हीच.” त्यांनी चष्मा लावून ते स्पेलिंग पाहिले. त्यांच्या खलाशी-पुस्तकात हुद्दा बी-ओ-एस-यू-एन असा लिहिलेला होता, आणि तेही शुद्धच आहे. शब्दकोश दोन्ही रूपे देतात. चाचांना त्या लांब स्पेलिंगचा अर्थ सांगितला, तेव्हा ते पुष्कळ वेळ त्याच विषयावर बोलत राहिले आणि डेकवरचे आणखी कितीतरी शब्द सांगत गेले. नातवाने त्यांतले बरेच वहीत उतरवून घेतले. ज्या आजोबांना इंग्रजी वाचायला अडचण होते, त्यांचा उच्चार शाळेतल्या उच्चारापेक्षा अस्सल होता, याचे कारण त्यांनी तो शब्द कानाने घेतला होता. आपल्या किनाऱ्यावरील अशा माणसांच्या तोंडी असलेली भाषा वर्गात आणावी असे मला फार वाटते, कारण ती माणसे आता थोडी उरली आहेत.

चाचांच्या यादीतले काही शब्द याच कुळातले होते. जहाजावरच्या होडीचा सुकाणू सांभाळणाऱ्याला ‘कॉक्सन’ म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्येही तोच ‘स्वेन’ दडलेला आहे, आणि पुढचा ‘कॉक’ म्हणजे जहाजाबरोबर असणारी लहान होडी. होडीच्या काठाची वरची कड म्हणजे ‘गनल’. लिहिताना त्यात तोफेसाठीचा शब्द आणि फळीसाठीचा ‘वेल’ असे दोन भाग दिसतात, कारण पूर्वी तोफांचा भार याच फळीवर येई. जहाजाच्या पुढच्या भागाला ‘फोक्सल’ म्हणतात आणि लिहिताना तेथे चक्क ‘पुढचा किल्ला’ लिहितात. मध्ययुगीन लढाऊ जहाजांवर तेथे खरोखरच लाकडी बुरुजासारखा उंच चौथरा असे व त्यावर तिरंदाज उभे राहत. सिंधुदुर्ग-विजयदुर्गाच्या मुलखातल्या माणसाला जहाजावर किल्ला आणि समुद्रात किल्ला या दोन्ही कल्पना समजावून द्याव्या लागत नाहीत.

येथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, की प्रत्येक वेळी स्पेलिंग जुने आणि उच्चार नवा असतो असे नाही. धक्का या अर्थाचा ‘की’ हा शब्द क्यू-यू-ए-वाय असा लिहितात. पाहणाऱ्याला वाटते की ‘क्वे’चा कालांतराने ‘की’ झाला असेल. वस्तुस्थिती उलट आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द इंग्रजीत पूर्वी के-ई-वाय किंवा के-ए-वाय असा साधेपणाने लिहिला जात असे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच लेखनाच्या वळणावर त्याचे स्पेलिंग बदलण्यात आले आणि बोलणारे मात्र पूर्वीसारखेच ‘की’ म्हणत राहिले. येथे अक्षरे नंतर आलेली आहेत. आमच्या किनाऱ्यावर या शब्दाची गरजच थोडी पडली, कारण कोकणबोटीच्या काळात हर्णे किंवा मुसाकाजीसारख्या बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला येत.

काही शब्दांच्या बाबतीत छापील अक्षरांनी उच्चारावर मात केली, हेही खरे आहे. कपाळासाठीचा ‘फोरहेड’ पूर्वी ‘फॉरिड’ असा बोलला जाई आणि ‘वेस्टकोट’ला ‘वेस्किट’ म्हणत. शाळा वाढल्या, वाचणारे वाढले, आणि लोक लिहिल्याप्रमाणे बोलू लागले. ‘बोसन’वर हा प्रसंग आला नाही, कारण तो शब्द वाचणाऱ्यांच्या हाती कधी फारसा गेलाच नाही.

आता आपल्या बाजूचा हिशेब. मुंबईच्या आगबोटींवर बोसनच्या जागी असलेल्या हिंदी माणसाला ‘सारंग’ म्हणत, त्याच्या हाताखालच्याला ‘तांडेल’ आणि सुकाणू धरणाऱ्याला ‘सुकाणी’. सुकाणू हा आपला शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आलेला आहे, आपणही दर्याची भाषा, दर्यावरून आलेल्या माणसांकडूनच घेतली. इंग्रजांनी ‘सुक्कानी’ ऐकला आणि त्याचे ‘सीकनी’ केले, जणू त्यात त्यांच्या भाषेतील समुद्राचा शब्द असावा, अशा स्पेलिंगने. 1886 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात सारंग, तांडेल आणि सुकाणी या तिघांच्याही नोंदी आहेत.

यांतील ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’, म्हणजे सेनानायक. शिवाजी महाराजांच्या आरमारात ‘दर्यासारंग’ हा किताब आरमाराच्या सरदाराचा होता. सतराव्या शतकात जो शब्द आरमारप्रमुखाला शोभत होता, तो पुढे परक्या कंपन्यांच्या जहाजांवर खलाशांच्या मुकादमाचा झाला. आणि ‘बोसन’? तो तर पोरगा होता, हाताखालचा गडी होता, आणि चढत चढत खलाशांचा प्रमुख झाला. एक शब्द उतरत आला, दुसरा चढत गेला, आणि दोघांची गाठ एकाच हुद्द्यावर पडली. या शब्दांतून जो इतिहास दिसतो, तो कोकणातल्या मुलांना शिकवला जावा असे मला मनापासून वाटते. कारण सारंग हे आडनाव लावणारी कुटुंबे आजही याच किनाऱ्यावर राहतात.

राहता राहिला देवनागरीत लिहिण्याचा प्रश्न. काही जण मराठीत लिहितानाही इंग्रजी स्पेलिंगचा मान राखून ‘बोटस्वेन’ लिहितात. मी ‘बोसन’ लिहितो आणि विद्यार्थ्यांनाही तसेच लिहायला सांगतो. मराठी वाचक शेवटचा ‘न’ आपोआप व्यंजनान्त वाचतो आणि ‘स’मधला आपला ‘अ’ इंग्रजीतील त्या ओझरत्या स्वराच्या बराच जवळ जातो. इंग्रजांचा ‘ओ’ उच्चारताना शेवटी ‘उ’कडे किंचित झुकतो, आपला झुकत नाही, एवढाच काय तो फरक. शिवाय ‘बो’ आणि ‘सन’ यांना आपण सारखे वजन देतो, ते न देता ‘सन’ सैल सोडला, की साउथॅम्प्टनच्या बंदरातही ती हाक ओळखली जाईल.